जड सॉफ्टवेअर

आईचा जुना फोटो दुरुस्त करून घ्यायला मी पारोळ्याच्या एका स्टुडिओत गेलो होतो. तिथे एक विक्रेता स्टुडिओवाल्या बाईंना फोटोच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्या म्हणून गळ घालत होता. बाईंनी आईचा फोटो त्या आवृत्तीत उघडून पाहिला. मेमरी भरली आणि कॉम्प्युटर अडकला. जुन्या आवृत्तीत तोच फोटो लगेच उघडला.

"ताई, आता कॉम्प्युटरच नवा घ्या," विक्रेता म्हणाला.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "भाऊ, कॉम्प्युटर बिघडेल नही, चांगला शे. तुमनं सॉफ्टवेअर जड शे. मी कसाले बदलू?"

नवं काही जमलं नाही, की मी आजवर स्वतःलाच जुना ठरवत आलो होतो.

बाई माझ्याकडे वळल्या. "मायना कपाळवरलं गोंदन ठेवू ना?"

"ठेवा," मी म्हणालो.