कंटेनरमधली जास्तीची गोणी

न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला आमच्या शेजारी एक नेपाळी कुटुंब राहतं. घरातल्या कर्त्या पुरुषाला आम्ही सगळे दाजू म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. ते लोकरीच्या गोदामात कामाला आहेत आणि मी बाहेरदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करते. कुंपणापाशी उभं राहून आम्ही हिंदीत गप्पा मारायचो, त्यासुद्धा बहुतेक खाण्यापिण्याच्या. त्या वर्षी दाजूंनी पहिल्यांदा कामाचा विषय काढला आणि माझ्या मनात धाकधूक सुरू झाली.

काठमांडूत त्यांच्या धाकट्या भावाचा गालिच्यांचा कारखाना होता. इथली लोकर तिथल्या गालिच्यांत जाते, पण ती व्यापाऱ्यांच्या हातून, त्यांच्या मर्जीने. भावाला जर्मनीची मोठी ऑर्डर मिळाली होती. विणकर एकेक करून आखातात निघाले होते. ही ऑर्डर वेळेवर गेली तर उरलेले टिकतील, नाहीतर कारखान्याला कुलूप, असा मामला होता. म्हणून दाजूंनी ठरवलं की इथून थेट कंटेनर पाठवायचा. म्हणाले, "लोकर मी निवडतो. कागद तू कर, बहिनी."

मी मुंबईची. जहाज बंदराला लागलं की माल पोचला, असं माझ्या अंगातच मुरलेलं. नेपाळला समुद्रच नाही. माल कोलकात्याला उतरतो आणि तिथून सीमेपर्यंत सीलबंद जातो, परक्या देशाच्या रस्त्यावरून. कागदावर जे लिहिलंय तेवढंच त्या रस्त्याने जाऊ शकतं. हे मी दाजूंना इतक्यांदा ऐकवलं की माझी मुलगी माझी नक्कल करायला लागली. दाजू दर वेळी मान डोलवायचे.

कंटेनर भरला, सील लागलं, जहाज सुटलं. त्यानंतरच्या शनिवारी दाजू सेलरोट्या घेऊन आले. तांदळाच्या पिठाची ती गोड कडी माझी फार आवडती. मी पहिला घास घेते न घेते तोच ते खुशीत म्हणाले, "घरच्यांसाठीही थोडं घातलंय."

"कुठे घातलंय?"

"लोकरीच्या गठ्ठ्यांमध्ये. एकच गोणी. भावाला जॅकेट, विणकरांच्या पोरांना जॅकेटं, आईच्या गुडघ्याचं मलम, दूध पावडर, मध."

घास तोंडातच राहिला. मी ओरडले. पलीकडच्या घरात ऐकू जाईल इतकी ओरडले. दाजू खरोखरच गोंधळले. "अगं, एवढा मोठा डबा गावाला निघालाय. त्यात घरच्यांसाठी काहीच नाही? आई काय म्हणेल?"

आमच्याकडे कोणी पुण्याला जायला निघालं की लांबलांबचे लोक पुड्या घेऊन दारात हजर होतात, आणि आपण त्या मुकाट बॅगेत कोंबतो. रिकाम्या हाताने घरी जायचं नसतं, हे मलाही कोणी शिकवायची गरज नव्हती. पण कंटेनर म्हणजे बॅग नव्हे.

"अजून जहाज समुद्रात आहे," मी म्हटलं. "आत्ताच कळवू. कागद दुरुस्त करता येतील."

दाजूंनी तिथल्या तिथे भावाला व्हिडिओ कॉल लावला. मागे मागावर धागे ठोकून बसवणाऱ्या पंज्यांची ठोकाठोक चालू होती, त्यामुळे भाऊ मोठ्याने बोलत होता. नको म्हणाला. दुरुस्त केलेल्या कागदाकडे सगळे आधी बघतात, माल अडकेल, आणि उशीर तर अजिबात चालणार नाही. माल त्याचा, त्याच्या होकाराशिवाय मला कागदाला हात लावता येत नव्हता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, हीप्स लोक, ढिगाने लोक करतात असं. एका गोणीने काय होतंय? स्वीट ॲज!" स्वीट ॲज म्हणजे इथल्या बोलीत सगळं झकास. मला त्याचाही राग आला.

पुढे सगळं सुरळीत चाललं आणि मला त्याचीच भीती वाटत होती. ऑफिसात जाऊन आधी ते जहाज बघायचं, मग चहा. सिंगापूर गेलं. कोलकाता आलं. मग पडद्यावर एकच ओळ दिसायला लागली, तपासणीसाठी राखून ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी तीच. पुढच्या आठवड्यातही तीच. मी फोन केले, मेल केले. तिथला एजंट म्हणाला, "मॅडम, लोकर लिहिली आहे आणि आत दुसरंही काही दिसतंय. आता वेळ लागणार." कोलकात्यात तेव्हा पाऊस कोसळत होता.

दाजू कुंपणाशी येईनासे झाले. मी कपडे वाळत घालायला गेले की त्यांच्या मागच्या ओट्यावरून भावाच्या कॉलचा आवाज यायचा. नेपाळी मला फारसं कळत नाही. मी त्यामागची ठोकाठोक ऐकायची. आधी ती भरगच्च होती. मग विरळ झाली, एखादाच माग चालू असल्यासारखी. एके दिवशी भाऊ हळू आवाजात बोलत होता आणि त्याच्या मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, बाकी काही नाही. ओला टॉवेल हातात धरून मी तशीच उभी राहिले. मला रडू आलं.

शेवटी माल सुटला. लोकर चांगल्या अवस्थेत काठमांडूला पोचली. तोवर ऑर्डर दुसऱ्या कारखान्याकडे गेली होती आणि माग विकले गेले होते. गोणीही पोचली. तिच्यातली मधाची बाटलीसुद्धा हलली नव्हती.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दाजू कुंपणाशी आले. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. फोटो काठमांडूच्या विमानतळाचा होता. आखातात कामाला निघालेल्यांची रांग, प्रत्येकाच्या हातात भरती एजन्सीची सारखीच पिशवी, आणि रांगेत त्यांचा भाऊ, नव्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

दाजूंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"बरोबर बसलं त्याला," ते म्हणाले. "मी अंदाजानेच घेतलं होतं."