वहीत नको म्हणाली होती सारिंतेन

जावातल्या आमच्या एवढ्याशा गावाने चार विद्वान पोसले. पहिला शेतं मोजून गेला. दुसऱ्याने साखर कारखान्यातल्या म्हाताऱ्या मजुरांना बोलतं केलं. तिसरा आम्ही थोरांशी कसे बोलतो नि धाकट्यांशी कसे, ते टिपून गेला. तिघांचा मुक्काम सारिंतेनकडे. सोयाबीन आंबवून, केळीच्या पानात बांधून तेंपे विकणारी बाई, पण कॉफी विचारल्याशिवाय कुणाला सोडायची नाही.

चौथी फेमके, हॉलंडची. तिला आमची नाती अभ्यासायची होती. आठ महिने सारिंतेनला आई म्हणत राहिली. मी शेजारीण, मला ती कधीच आवडली नाही. एवढं कान देऊन ऐकणारं माणूस फुकट ऐकत नसतं.

आमच्याकडे मूल होत नसलेलं जोडपं दुसऱ्याचं मूल घरी आणतं. गळाला आमिष लावल्यासारखं. एक आलं की दुसरं पोटी येतं म्हणतात. सारिंतेनने आपली तान्ही नास्तिती अशीच धाकट्या बहिणीला दिली. दोन वर्षांत बहिणीला मुलगा झाला. पोरीला मात्र कुणी सांगायचं नाही, हा गावाचा नेम. ती सारिंतेनला बुदे म्हणायची, म्हणजे थोरली मावशी.

हे सगळं सांगून सारिंतेन एकदा फेमकेजवळ रडली. हे वहीत नको, असं बजावलंही.

पुढे फेमकेने पुस्तक लिहिलं, त्यात नावं तेवढी बदलली. पण तेंपे विकणारी, उजव्या भुवईवर डाग, बहीण दोन घरं सोडून, अशा बायका किती असणार? नास्तिती आता कॉलेजात. आपल्याच मुलखाच्या अभ्यासाच्या वर्गात तिला ते वाचायला दिलं. त्यात ती 'आमिष' होती.

ती सारिंतेनकडे आली तेव्हा मी तिथेच केळीची पानं पुसत बसले होते. सारिंतेनला वाटलं, झालं ते झालं, आता तरी पोर आई म्हणेल. तिने फेमकेच्या नावाने बोटं मोडली. माझ्या ताटात जेवली आणि माझाच गळा कापला, म्हणाली. मीही दोन शिव्या हासडल्या.

नास्तितीने सगळं ऐकून घेतलं.

"ती परकी होती, बुदे. तिला आठ महिन्यांत सांगितलंत. मी एकवीस वर्षं इथेच होते."

मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हालाही माहीत होतं?"

तिची नाळ मी कापली होती.