वाळूतला खंदक

खंदक अरुंद असावा, हे जवानाला पहिल्या आठवड्यातच शिकवतात. तोंड जितकं लहान, तितके तोफगोळ्याचे तुकडे आत कमी येतात. पण तो अरुंद ठेवता येईल की नाही, हे माती ठरवते. हेही शिकवतात. मला ते पाठ होतं, तरी मी मानलं नाही.

मी शेवगावकडचा. आमच्याकडे वरची काळी माती संपली की मुरूम लागतो. टिकाव मारून हात सोलवटतात, पण एकदा खणलं की भिंत उभीच्या उभी राहते. नगरजवळच्या सरावात माझा खंदक सगळ्यांत सुबक असायचा. त्याची मला भारी घमेंड होती.

मग राजस्थानच्या सरहद्दीवर गेलो. तिथं नुसती वाळू. भिंतीला उतार द्या, नाहीतर पोती रचा, असा हुकूम होता. पोती अजून यायची होती आणि उतार दिला तर तोंड रुंद होणार. मी म्हटलं, खालची वाळू ओलसर आहे, उभी राहील. सोबत शेजारच्या गावचा माझा मित्र होता. भरतीला आम्ही बरोबरच पळालो होतो. त्यानं भिंतीवरून हात फिरवला.

"ही माती आपली न्हाई गड्या."

"लई भितोस लेका. उतर," मी म्हणालो.

तो उतरला. दुपारी वाळू सुकली आणि भिंत त्याच्या अंगावर बसली. आम्ही हातांनी उपसत होतो, आणि काढू तेवढी परत आत येत होती. गोळी एकही सुटली नव्हती.

त्याचा मृत्यू चौकशीत अपघात ठरला. मला कुणी बोललं नाही, याचाच मला आजही राग येतो.

नोकरी संपवून मी नगरजवळ केडगावात राहायला आलो आणि गावाकडं त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील जन्मभर विहिरी खणलेले.

"भिंतीला पोती लावली हुती का?" त्यांनी विचारलं.

"लावली होती, काका."



"मग त्यानंच नीट रचली नसत्याल. पोराला घाई लई."

मी गप्प बसलो. पुढं दर दिवाळीला गेलो, तेव्हाही गप्पच बसलो. गेल्या महिन्यात म्हातारा वारला, चूक आपल्या पोराची होती असं मानून.