उलटतपासणीबाई

औषधवाल्याचं त्या बाईंकडे पहिल्यांदा लक्ष गेलं, ते बाई नवऱ्यासाठी घेतलेल्या गोळ्यांची पट्टी दिव्याखाली धरून तिरपी करत होत्या म्हणून. तारीख पाहिली, मागची बाजू पाहिली, नखानं कडा खरवडून पाहिली. ही बाई तपासणी खात्याची तर नव्हे? त्यानं गल्ल्यामागचा पसारा पायानं हळूच आत सारला.

बाई शर्टांच्या कारखान्यात लेबलं लावायच्या कामाला होत्या. नवरा एका गोदामावर रखवालदार. गल्लीत सगळे त्यांना उलटतपासणीबाई म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. "म्हणू देत," त्या म्हणायच्या, "डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्याच्या नावानं कोण आरती ओवाळतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या तणतणत दुकानात आल्या आणि कालची पट्टी त्यांनी काउंटरवर आपटली.

"भाऊ, चिठ्ठीवर एक नाव आणि पट्टीवर भलतंच! आम्हाला काय दूधखुळं समजलात?"

"ताई, औषध तेच आहे. कंपनी फक्त दुसरी. डॉक्टरांना विचारूनच दिलंय."

"मला लेबलाचं शिकवू नका. एकाच ढिगातल्या शर्टांना मी तीन कंपन्यांची लेबलं लावते. वरचं नाव काय बोलतं आणि आत काय असतं, ते मला विचारा."

रांगेतले, त्यांच्याच गल्लीतले एक आजोबा खोकत म्हणाले, "अहो बाई, द्या की नवऱ्याला गोळी! तिकडे तो तापानं फणफणतोय आणि तुमचा इथे खटला चाललाय."

"आजोबा, नवरा माझा आहे. रांग तुमची आहे. तुम्ही रांग सांभाळा."

औषधवाल्यानं विचारलं, "म्हणजे अजून एकही गोळी दिली नाहीत?"

"नाही दिली. नाव बदललंय म्हटल्यावर कशी देणार?"

नवऱ्याच्या छातीत कफ दाटला होता आणि श्वास घेताना बरगडीत कळ येत होती. औषधवाल्याला एकदम राग आला, पण तो गिळून त्यानं पट्टी उलटी केली.

"हे बघा. हे मोठं नाव कंपनीनं ठेवलेलं, लाडाचं. ज्याला जे आवडेल ते. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत आहे ना, ते औषधाचं खरं नाव. अमॉक्सिसिलिन. जगात कुठेही जा, ते हेच."

"ते खालचं तरी खरं कशावरून?"

"ते मनाला येईल तसं ठेवत नाहीत, ताई. त्याला घराणं असतं. शेवटी 'सिलिन' आहे ना, ते आडनाव समजा. पेनिसिलिनच्या घराण्यातलं."

बाईंनी पट्टी ओढून हातात घेतली.

"पेनिसिलिन?" त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना चालत नाही ते. लग्नानंतर एकदा इंजेक्शन दिलं होतं, तर तोंड सुजून डोळे मिटले, श्वास कोंडला. मरता मरता वाचले. तेव्हापासून प्रत्येक पट्टीवर तो शब्द शोधते मी. यावर कुठे लिहिलाय?"

औषधवाल्यानं पट्टी दोन्ही बाजूंनी वाचून पाहिली. तो शब्द खरंच कुठे लिहिलेला नव्हता.

"डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"डॉक्टर नवीन. त्यांनी विचारलं, कशाचं वावडं आहे का? हे म्हणाले, 'कामाचं!' डॉक्टर हसले, मीही हसले. झालं." मग त्यांची नजर वर आली. "आणि तुम्ही, भाऊ? तुम्ही तर विचारलंही नाहीत."

त्यानं फोन उचलला. डॉक्टरांनी दुसरं औषध सांगितलं आणि पेशंटला लगेच घेऊन यायला सांगितलं. औषधवाल्यानं नवी पट्टी काढून समोर ठेवली.

"याचं आडनाव?" बाईंनी विचारलं.

"अझिथ्रोमायसिन. घराणं वेगळं. याचं त्याच्याशी काही नातं नाही."

"नक्की?"

"नक्की."

"तुमचं 'नक्की' कालही होतंच." असं म्हणून त्यांनी पट्टी पिशवीत टाकली, तीही डॉक्टरांच्याच तोंडून पुन्हा ऐकल्याशिवाय फोडायची नाही असं ठरवून. आजोबा हळूच बाजूला सरकले आणि त्यांना वाट करून दिली.

नवरा बरा झाला. दुकानावरून जाताना तो औषधवाल्याला हात करतो आणि डॉक्टरांकडे गेला की आता काही विनोद न करता आधी पेनिसिलिनचं सांगतो. बाई अजून त्याच कारखान्यात आहेत. औषधं मात्र त्या चौकापलीकडच्या दुसऱ्या दुकानातून घेतात.