खलनायकाचा जाहीर सत्कार

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात हजेरी बघणारे टाइमकीपर एका सिनेमात खलनायक होते. सिनेमा इथलाच, देवगाव रंगारीत चित्रित झालेला, आणि इतका वाईट की पहिल्या आठवड्यात थिएटरात फक्त पंखे फिरत होते. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी बातमी आणली, "शेवटच्या मारामारीत आपले टाइमकीपर ठोसा बसायच्या आधीच पडतेत." झालं! पहिली पाळी सुटली की अख्खा कारखाना साडेतीनच्या खेळाला जाऊ लागला.

पन्नाशीचा नायक त्यात कॉलेजात शिकत होता. त्याची आई त्याच्याहून दहा वर्षांनी लहान दिसायची. ती प्राण सोडते तेव्हा एक शेळी येऊन तिच्या खाटेची दोरी खायला लागते, आणि मेलेली आई हळूच हात हलवून तिला हाकलते. त्या क्षणी सगळं थिएटर "हाड! हाड!" करून तिच्या मदतीला धावायचं. मारामारी आली की मागून आरोळी यायची, "गिर जा भाई, घर जाना है!" मग टाइमकीपर पडायचे. मी हा सिनेमा अकरा वेळा पाहिला. अभ्यासाची पुस्तकं मी इतक्या वेळा उघडली नव्हती.

टाइमकीपरांना याचा त्रास झाला. सकाळी गेटवर जो तो त्यांच्यापुढं येऊन धाडकन कोसळायचा. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"लई हसतेत व्हय रे लोक?"

"लई हसतेत. पण प्रेमानं, साहेब."

हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं खरं करायला आम्ही त्यांचा सत्कार ठरवला.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा कारखान्यात उभे दोन तट होते. आम्ही नामांतरवाले कँटीनच्या खिडकीकडं बसायचो, विरोधातले पाण्याच्या टाकीकडं. गावात घर जाळलं गेल्यावर माझे मामा उस्मानपुऱ्यात आमच्याकडंच राहायला आले होते. माझ्यासाठी हा विषय पाटीवरच्या अक्षरांपुरता नव्हता. तरी सत्कार समितीत दोन्हीकडचे दोन-दोन जण आले. वर्षभरात पहिल्यांदाच आम्ही एका टेबलावर चहा प्यालो. शाल, नारळ, हार, सगळ्यावर एकमत झालं. मग कुणीतरी म्हणालं, "साहेब बी.ए. आहेत, पत्रिकेत विद्यापीठासकट छापू."

"नव्या नावानं छापा," मी म्हणालो.

"जुन्याच! नाव बदललंय कुठं?"

"ठराव झालाय की!"

"अंमल झालाय का?"

तीन दिवस बैठका चालल्या. खुर्च्या सरकल्या, चहा पुन्हा वेगवेगळा आला. शेवटी खुद्द टाइमकीपरांना बोलावलं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मान खाली घातली.

"बी.ए. छापूच नका. शेवटच्या वर्षाला नापास झालो मी. अन् ऑफिसात सांगू नका."

कारखान्यातला कुठलाही प्रश्न इतक्या झटपट सुटलेला मी पुन्हा पाहिला नाही.

सत्काराला मांडव भरला. टाइमकीपर बोलायला उभे राहिले. "नायक म्हणजेच निर्माते. त्यांची कंबर धरली होती, हात वर जाईना. ते म्हनले, तुम्ही पडा, मी आलोच. म्हणून पडलो." मांडव हसून लोटपोट झाला. हसू ओसरेपर्यंत ते थांबले आणि शर्टाची बाही वर केली. कोपरावर लांब व्रण होता. "खाली दगड होता. सहा वेळा पडलो, तवा त्यांना पटलं."

कोण कुणाकडं बघतंय कळेना. मग टाकीकडच्या एकानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये आम्ही आपापल्या जागी बसलो आणि तो प्रश्न पुढं कित्येक वर्षं चालला, ही गोष्ट वेगळी.

कार्यक्रमानंतर मी नारळ घेऊन त्यांना पुंडलिकनगरला घरी पोचवायला गेलो. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. तिनं शाल पाहिली.

"कशाबद्दल?"

"अभिनयाबद्दल," टाइमकीपर म्हणाले.

तिनं सिनेमा पाहिला होता. माझ्याकडं बघत तिनं नारळ घेतला आणि म्हणाली, "बसा. चहा टाकते."