जंगलपटाची दुसरी प्रत

इतकी वर्षे झाली, तरी जोगेश्वरीतली ती चोरी आठवली की तोंड कडू होते.

ऐंशीच्या दशकात मी तिथल्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. चाळीत राहणाऱ्या एक वृद्ध बाई फिर्याद द्यायला आल्या. तरुणपणी त्या एका जंगलपटाच्या नायिका होत्या. चित्रपट लोक विसरले होते, पण निर्मात्याने भेट दिलेली त्याची प्रत त्यांनी जपली होती. कॉटखालचे ते रिळांचे डबेच गेले होते.

"साहेब, मी वाघाच्या पाठीवर बसले होते, हे आता सांगून कोणाला पटतं? पुरावा काय तो त्या डब्यांतच होता."

कुलूप तुटलेले नव्हते. म्हणजे माहीतगाराचे काम. खबऱ्याने सांगितले, अंधेरीचा एक श्रीमंत संग्राहक ही प्रत मागायला बाईंकडे खेपा घालायचा आणि हल्ली बाईंचा भाचा त्याच्या गाडीतून फिरतो. पंचांसमक्ष संग्राहकाच्या घराची झडती घेतली. कपाटात त्याच चित्रपटाची रिळे सापडली. केस सुटली असे वाटले. पण ती प्रत त्याने पूर्वीच एका बंद थिएटरच्या मालकाकडून घेतली होती. मालकानेही तसाच जबाब दिला.

भाच्याला समोर बसवले. तो तोंड उघडेना. शेवटी म्हटले, "तुझी मावशी बाहेर बाकावर बसलीय. तुला जेवण घेऊन आलीय."

तो रडायलाच लागला. "साहेब, त्याला ती प्रत नकोच होती. म्हणाला, माझ्याकडे एक आहे, दुसरी राहिली तर माझीला कोण विचारणार? घाटकोपरला भंगारात दे, विषय संपव."

आम्ही घाटकोपर गाठले. भंगारवाल्याने फिल्मवरच्या थरातली चांदी काढायला रिळे रसायनात धुऊन टाकली होती. ढिगातली एक पट्टी उजेडाकडे धरली. चित्र उरलेच नव्हते, आरपार दिसत होते.

भाच्याला शिक्षा झाली. संग्राहकाविरुद्ध सहआरोपीच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता, तो सुटला. बाईंना एकदा तरी चित्रपट दाखवा, अशी विनंती करायला मी त्याच्याकडे गेलो.

"प्रिंट नाजूक आहे," तो म्हणाला. "मशीनवर चढवली तर तुटेल. मी स्वतःसुद्धा लावून बघितलेली नाही."

पोटासाठी, व्यसनासाठी चोरी करणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांना ती वस्तू हवी असते, एवढे तरी कळते. दुसऱ्याकडे असू नये म्हणून नष्ट करणारा माणूस मला तोवर माहीत नव्हता. त्यानंतर मात्र असे बरेच दिसले, आणि त्यातले बहुतेक चांगल्या घरातले होते.

त्याचे उत्तर मी बाईंना जसेच्या तसे सांगितले.

"त्यानं एकदाही बघितला नाही?" त्यांनी विचारले.