मॅडमच्या बुरशा

मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा प्रयोगशाळेची चावी त्यांची सहाय्यक म्हणून माझ्याकडे आली. श्रीवर्धनच्या वाड्यांत पावसाळ्यात कोळेरोग पडतो; कोवळी सुपारी सडून गळते. त्या रोगाची बुरशी मॅडमनी सात वर्षं वाडीवाडी हिंडून गोळा केली होती. प्रत्येक वाडीची वेगळी, प्रत्येक काचेच्या प्लेटवर जागेचं नाव. दर तीन आठवड्यांनी छोटा तुकडा कापून नव्या प्लेटमध्ये लावायचा, म्हणजे ती जगते. "एवढ्या माझ्या पोरी सांभाळ," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. विचारायचं बरंच होतं, पण शास्त्रातलं मराठीत नीट विचारता येत नाही आणि इंग्रजीत विचारलं की शिष्टपणा वाटतो, म्हणून मी सहसा विचारतच नाही.

फेब्रुवारीत एसी बंद पडला. पत्र्याखालची प्लेट्सची खोली दुपारी भट्टीसारखी तापायची. मेकॅनिक माणगावहून येणार होता, म्हणजे केव्हा ते सांगता येत नव्हतं. मी मॅडमच्या घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"सव्वा महिना होऊ दे गं. तोवर कामाचं काही तिच्या कानावर नको. काही अर्जंट आहे का?"

"नाही काकू," मी म्हणाले.

आमच्या प्रयोगशाळेतले जुने शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, दारात उभे होते. "मॅडम बाळंतीण, आणि कळा तुम्हाला! ठेवा की फ्रीजात. भाजी टिकते, ही न्हाय टिकणार?"

मला ते पटलं. एम.एस्सी.ला हाताळलेल्या बुरशा फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने राहायच्या. मी सगळ्या प्लेट्स पुसून, ओळीने, नावं समोर येतील अशा फ्रीजमध्ये लावल्या. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

नऊ दिवसांनी एसी सुरू झाला. तुकडे नव्या प्लेट्समध्ये लावले. चौथ्या दिवशी कापसासारखी पांढरी झालर दिसायला हवी होती. सहाव्या दिवशीही दिसली नाही. मग कपाटातल्या एका जाड पुस्तकात एक वाक्य सापडलं: ही जात थंडी सहन करत नाही. मॅडमना ते इतकं पाठ होतं की त्यांनी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. मी पुन्हा तुकडे लावले, आणि पुन्हा. रोज सकाळी प्लेट उजेडासमोर धरायची, आणि ती स्वच्छ असायची. इतकी स्वच्छ प्लेट मला कधी नकोशी वाटली नव्हती.

नमुने पुन्हा आणावेत म्हणून स्कूटीवरून वाड्यांत गेले. एका वाडीच्या जागी पर्यटकांसाठी कॉटेज उभी होती, निळ्या टाकीत कुणी पोहत होतं. दुसरीत मालक सुपारी वाळत घालत होते.

"ताई, कोळेरोग पावसात पडतो. आत्ता उन्हात कुठनं आणू? आणि यंदा फवारणी चांगली झाली, देवाच्या कृपेनं एक फळ सडलं न्हाय."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि मला मात्र कुणाची तरी वाडी सडलेली हवी होती. परतताना स्वतःची किळस आली.

मार्चच्या शेवटी मॅडमचाच फोन आला. "सुटले एकदाची! काय म्हणतायत पोरी?"

मी पाठ केलेलं वाक्य विसरले. "मॅडम, एकही उरली नाही."

त्यांनी एकच शब्द विचारला. "फ्रीज?"

"हो."

"मला विचारायचं होतंस गं."

केला होता फोन, असं ओठांवर आलं. पण अर्जंट नाही हे मीच सांगितलं होतं. तेवढ्यात तिकडे बाळ रडायला लागलं. "थांब, हिला घेते," त्या म्हणाल्या. फोन त्यांनी तसाच चालू ठेवून दिला असावा. मला त्यांचं थोपटणं ऐकू येत होतं, हळू, एका लयीत. बाळ शांत झालं तरी त्या फोनवर परत आल्या नाहीत. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.